अळू कापण्याआधी तेल

अळूच्या देठांचा हिरवा, चिकट वास आला, की रत्नागिरीच्या घराची मागली बाजू आठवते. फणसाच्या सावलीत, मोरीच्या पाण्यावर सुपाएवढी पानं माजायची. वहिनी नवी, साताऱ्याची. अळू खाजतं, आधी हाताला तेल लावायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. तरी विळी पुढे सरकवून मी म्हणाले, "वहिनी, देठं सोला."

तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. "घाटावरच्यांना काय कळतंय!" आई खिदळली, मीही. दुपारी तिला घास धरवेना. आम्ही अळू दोनदा मागून घेतलं.

आज विळी माझ्यापुढे आहे. वहिनी खोबरेलाची वाटी घेऊन आली.

"वन्सं, आधी तेल लावा हो. खाजतं."

चाळीस वर्षं ती दर वेळी एवढंच म्हणते.