कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

फ्रिज त्याने हातोड्याने फोडला, तोही भर दुपारी. आधी प्लग काढला होता. तरी शिट्टी थांबेना. मग घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला दार बिजागरीवर लोंबलं. बायको ओल्या हातांनी ओट्याला चिकटून उभी होती.

"अहो, तो बंद आहे. कधीचा बंद आहे."

"मग हे वाजतंय काय?"

"काहीच वाजत नाहीये."

हातोडा त्याने तिच्यावर उगारला नाही. पण एक क्षण तसं मनात आलं. आणि ते तिला दिसलं.

मोटरदुरुस्तीच्या कारखान्यात तो बावीस वर्षं फिटर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटरवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, कुठल्याची गोळी फुटलीय, हे मोटर उघडण्याआधी तो सांगे. सगळे त्याला वैद्य म्हणत. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बंद खोलीत बसवून तपासलं. "याला टिनिटस म्हणतात. आवाज बाहेर नाही. इतकी वर्षं यंत्रांत काढलीत, कान आतून दुखावलाय."

"जाईल ना?"

"बहुतेक राहील. त्रास मात्र कमी होतो. तुम्ही घाबरलात की तो वाढतो, तो वाढला की तुम्ही आणखी घाबरता. त्या घाबरण्यावरही उपचार करू. घरी आणि कामावर सांगून ठेवा."

त्यांनी लिहून दिलेल्या कागदाची चौघडी करून त्याने खिशात घातली. घरी सांगितलं, मळ होता, काढला. कामावर काय सांगणार? कान गेलेल्या वैद्याला कोण ठेवतो?

पुढच्या आठवड्यात त्याने तीन मोटरींचं बेअरिंग गेलं म्हणून सांगितलं. तिन्ही उघडल्या. तिन्ही ठणठणीत. मालकाने तिन्हींची झाकणं स्वतः लावली.

बायकोचा धाकटा भाऊ तिथेच वायंडिंग करायचा, मोटरीत तांब्याची तार गुंडाळायचा. त्याला शंका आली. चौथी मोटर टेबलावर आली तेव्हा शेजारी लेथ खडखडत होतं. वैद्याने मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"चालू कर."

"केली, भावोजी."

वैद्याने बराच वेळ ऐकलं. "मागचं बेअरिंग गेलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच.

"भावोजी, वायर तरी जोडू द्या हो. मेलेल्या माणसाची नाडी सापडली तुम्हाला."

हात कधी फिरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. स्क्रूड्रायव्हरचं पातं मेहुण्याच्या डाव्या कानाच्या पाळीतून आरपार गेलं. वैद्याने हिसडा दिला आणि कान फाटला. रक्त मानेवरून शर्टात उतरलं. लेथवाल्याने लेथ बंद केलं. सगळं गप्प झालं. एक शिट्टी तेवढी वाजत होती.

मेहुण्याला नऊ टाके पडले. त्या संध्याकाळी बायको दारातच उभी राहिली.

"भावाचा कान फाडलात. माझी पाळी कधी?"

त्याने खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला.

"हा मळ होय?" ती म्हणाली. कागद घेऊन भावाकडे निघून गेली. त्या रात्री ती परतली नाही.

चौथ्या दिवशी मालकाने बोलावलं. डोक्याला पट्टी बांधलेला मेहुणा तिथे आधीच बसला होता. पुढ्यात तोच कागद.

"काढून टाकणार होतो," मालक म्हणाला. "हाच नको म्हणतो."

"दया आली म्हणून नाही," मेहुणा म्हणाला. "ताई म्हणाली, आधी हत्यार काढून घे, मग बोल. द्या तो इकडे. ऐकायचं मी, हात लावायचा तुम्ही."

वैद्याने स्क्रूड्रायव्हर दिला. देताना बोटं सुटेनात.

टेबलावरच्या चालू मोटरवर टोक टेकवून मेहुण्याने मूठ आपल्या धडक्या कानाला लावली. वैद्याने मोटरवर पंजा ठेवला.

"काय ऐकू येतं?"

"घरघर."

"घरघर सगळेच सांगतात. वाळू दळल्यासारखी की लोखंडावर लोखंड?"

"वाळू. तुम्हाला काय लागतं हाताला?"

पंजाखाली थरथर होती. तो बोलणार, इतक्यात थांबला.

"बंद कर."

मोटर घुमत घुमत थांबली. थरथर थांबली नाही. ती त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत चढत होती.

"ही माझी आहे," तो म्हणाला. मेहुण्याने बटणावर बोट ठेवून वाट पाहिली. हात स्थिर व्हायला बराच वेळ लागला.

"हं. आता चालू कर."