दाजींची बसकी मोटार

जगात जे जे म्हणून उंच आहे ते ते खाली आणता येतं, या एका श्रद्धेवर आमच्या दाजींनी आयुष्य काढलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. जळगावात त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. अक्काला तापाचं मोठं दुखणं झालं, त्यात तिचे गुडघे कायमचे आखडले, आणि तेव्हापासून दाजींच्या हातात करवत आली ती सुटली नाही. त्यांनी खाटांचे पाय कापले, फडताळ खाली आणलं, देवघर भिंतीवरून उतरवून जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलं. खुर्च्या तर इतक्या कापल्या की कचेरीतले एक लठ्ठ कारकून एकदा बसले ते गुडघे कानाला लावून, आणि चहा झाल्यावर त्यांना उभं करायला दाजी आणि मी दोघं लागलो. दाजी गंभीरपणे म्हणाले, "साहेब, आमच्याकडे लोक बसायला येतात. उठायची सोय अजून केलेली नाही."

घरातलं सगळं खाली आल्यावर मोटार तेवढी उंच राहिली. ती जुनी, छपराला कापड असलेली गाडी दाजींनी पहूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली होती. तिच्या पायरीवर पाय ठेवणं अक्काला शक्य नव्हतं आणि कोणी उचललेलं तिला खपत नव्हतं. एकदा जळगाव स्टेशनात दोन हमालांनी तिला डब्यात चढवलं होतं. "सरकीची गोणी चढवावी तसं चढवलं मला," असं म्हणून तिने रेल्वेचं नावच टाकलं. पण लेक इंदू दोंडाईच्याला दिलेली, तिला भेटल्याशिवाय तर अक्काला चैन पडत नसे. त्यातून लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा जुना रिवाज अक्का कडक पाळायची. म्हणजे जायचं तेही आपली भाकरी आणि पाण्याची कळशी घेऊन.

दाजींनी तोड काढली. गाडी घराच्या ओट्याइतकी खाली आणायची, म्हणजे अक्का ओट्यावरून सरकत सरकत थेट सीटवर. गाडी कमानींवर उभी असते आणि कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या, एवढं त्यांनी पाहून ठेवलं होतं. नशिराबादच्या लोहाराकडे ते गाडी घेऊन गेले, मला साक्षीला नेलं. लोहाराने दोन पट्ट्या काढल्या आणि हात झाडले.

"अजून काढा," दाजी म्हणाले.

"नाना, आखो काढ्यात ते गाडी जमीनवर बसी जाई," लोहार म्हणाला.

"बसू द्या. तिच्यासाठीच बसवतोय."

गाडी बसली, आणि अक्का अगदी राणीसारखी सरकून आत गेली. त्या दिवसापासून ती बाजाराला जाऊ लागली, लग्नांना जाऊ लागली. दोंडाईच्याला तर गाडी इंदूच्या सासरच्या ओट्याला अशी चिकटून उभी राहायची की मायलेकी उंबरठा न ओलांडता तास-तास गप्पा मारत. जेवणाच्या वेळी अक्का गाडीतच शिदोरी सोडायची. "विहीणबाई, तुमच्या दारात आमचं हॉटेल आलंय," असं इंदूची सासू म्हणायची आणि अक्का तिला आपल्याकडची चटणी वाढायची.

सुख एवढंच. टायरांनी मात्र सूड घेतला. खड्डा आला की गाडी खाली बसायची आणि मागची चाकं मडगार्डला घासायची. पुढची चाकं सरळ राहीनात, त्यांचे टायर आतल्या कडेला झिजून कापड दिसायला लागलं आणि बाहेरची कड नवीकोरी. दाजी डावा टायर उजवीकडे घालत, कधी उलटा चढवत. भोकांना आतून कातड्याचे तुकडे लावत. माणसं वजन बघून घेत. एका जाड भाच्याला त्यांनी पारोळ्यापर्यंत बसने पाठवलं आणि पुढे गाडीत घेतलं. मी शिस्तीचा माणूस. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या: पट्ट्या परत घाला, अक्कासाठी लाकडी फळ्यांचा उतार करून घ्या, आणि लढाई सुरू झालीय, आता टायर परमिटाशिवाय मिळणार नाहीत, तेव्हा आहेत ते जपा.

"मेव्हणे," दाजी म्हणाले, "उतारावरून तिला ढकलावं लागेल. ढकलणार कोण, तुम्ही?"

"मीच ढकलीन."

"तिला विचारून बघा."

अक्काने माझ्याकडे नुसतं पाहिलं. उताराचा विषय तिथेच संपला.

मग एका सकाळी दोंडाईच्याहून माणूस आला. इंदूला दिवस गेले होते, पण अपुऱ्या दिवसांत सगळं बिघडलं, मूल गेलं आणि रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरने धुळ्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. तिकडे मोटार मिळत नव्हती. आम्ही तिघं निघालो. साठवलेलं सगळं पेट्रोल दाजींनी टाकीत ओतलं. धुळ्याच्या पुढे मागचा टायर फुटला. जोड देऊन भागेना, तेव्हा दाजींनी शेतातला कडबा आणून टायरात ठासला आणि गाडी बैलगाडीच्या चालीने दोंडाईच्याला पोचवली. उंच गाडी लवकर पोचली असती हे खरं. पण उंच गाडीत अक्का नसती.

गाडी ओट्याला लागली. इंदूला उचलावंही लागलं नाही. गोधडीसकट ती ओट्यावरून सरकवली आणि तिचं डोकं अलगद अक्काच्या मांडीवर आलं. इंदूची सासू गाडीची कडी धरून उभी राहिली, निघेपर्यंत तिने ती सोडली नाही.

परतीच्या वाटेवर कडब्याचं चाक धडधडत होतं. अक्का मागून सारखी म्हणत होती, "लवकर चला, अजून लवकर." दाजी मान न वळवता गाडी हाकत होते. सोनगीर जवळ आलं तशी ती म्हणाली, "आता हळू चालवा. डोळा लागलाय तिला."

मी मागे वळलो. इंदू गेली होती. अक्काने माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

दाजी हळू चालवू लागले. एकेक खड्डा चुकवत, रस्त्याची कड धरून. मधूनच विचारायचे, "झोपलीय ना?" अक्का म्हणायची, "झोपलीय." धुळं येईपर्यंत असंच चाललं. दवाखान्याच्या दारात दाजींनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून तसेच बसून राहिले. डॉक्टरला बोलवायला मी गेलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दाजी स्वतः अंथरुणाला खिळले तेव्हा, एका दुपारी ते मला म्हणाले, "मेव्हणे, सोनगीरलाच कळलं होतं मला. तोवर ती लवकर लवकर म्हणत होती. हळू चालवा म्हणाली, आणि संपलं."

"मग विचारत का होता?"

"ती मला सांभाळत होती. सांभाळू दिलं."

दाजी गेले. अक्का आहे, त्याच कापलेल्या खाटेवर. इंदूचा विषय ती काढत नाही. कधी काढलाच तर एवढंच म्हणते, "तुझ्या दाजींना धुळ्यापर्यंत काही कळू दिलं नाही मी. तेवढं तरी बरं झालं, नाही का रे?"

मी हो म्हणतो.