न बसवलेलं झाकण

गल्लीत बोलवा होती की शेजारच्या मिस्त्रींच्या हातातलं कसब गेलं, वर्षभरात एक लाकडी पेटी पुरी होईना. इतकी खमंग बातमी मला सगळ्यांच्या शेवटी कळली, म्हणून चहाच्या निमित्ताने मी त्यांच्या मागच्या खोलीत शिरलो. पाहतो तर पेटी केव्हाच तयार. सांध्यात नखसुद्धा शिरत नव्हतं. झाकण तेवढं भिंतीला टेकलेलं.

मिस्त्रींच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्या, तेव्हा त्यांचे कपडे ठेवायला मिस्त्रींनी ही पेटी करायला घेतली होती. चहा पिताना कळलं, आता ते रोज सकाळी झाकणाला बिजागऱ्या लावतात, एकदा मिटून बघतात आणि दुपारी स्क्रू काढून झाकणावर पुन्हा रंधा मारत बसतात. झाकण रोज थोडं झिजतं आणि मिस्त्रीही.

मी म्हटलं, "मिस्त्री, असाच रंधा चालला तर झाकणातून आरपार दिसायला लागेल. द्या ते स्क्रू इकडे, मी पिळतो."

ते हसले नाहीत. दाराजवळच्या खुंटीवर वहिनींचा स्वेटर होता. त्याच्यावर बसलेला भुसा त्यांनी बोटांनी झटकला.

"स्क्रू पिळशील रे तू. मग हा खुंटीवरून कोण काढणार?"