शेजारच्या सीटवर कुणीतरी हवं

"साहेब, सायलेन्सर तयार आहे. दुसऱ्या साहेबांचा फोन लागत नाही, म्हणून तुम्हाला केला."

कसबा पेठेत पाइप वाकवून वेल्डिंग करून देणारा एक कारागीर आहे, त्याचा हा फोन. दुसरे साहेब म्हणजे माझा मित्र. त्याला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. कारागीर मधले काही महिने गावी होता, त्याला काही कळलं नव्हतं. सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेलो, "ते बाहेरगावी गेलेत. मी येतो गाडी घेऊन."

मी मूळचा चंद्रपूरचा. नोकरीसाठी पुण्यात आलो आणि इंजिनाचे कॉम्प्युटर जुळवण्याच्या कामाला लागलो. शेजारच्या टेबलावर हा कसब्यातला माणूस होता. लग्न मी आधी लांबवलं, मग ते राहूनच गेलं. त्यामुळे माझे रविवार त्याच्याबरोबर जायचे. दोघांत मिळून आम्ही एक जुनी गाडी घेतली होती. तिला त्याने हौसेने सुपरचार्जर बसवला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप, तो हवा दाबून इंजिनात भरतो. जितकी हवा, तितकं पेट्रोल पडलं पाहिजे. ते किती, हे कॉम्प्युटरमधल्या एका मोठ्या तक्त्यात भरायचं. प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक दाबाला वेगळा आकडा. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आतून तापतं आणि पिस्टन वितळू शकतो. म्हणून तो गाडी चालवायचा आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन मीटर बघायचो. त्याच्या गल्लीत स्कूटर लावायची मारामार, म्हणून गाडी धायरीला माझ्या पार्किंगमध्ये असायची.

एका मंगळवारी ऑफिसला निघताना तो त्यांच्या इमारतीच्या जिन्यात कोसळला. तेराव्यापर्यंत मी तो जिना चढलो. नंतर नाही. दोनदा खालपर्यंत गेलो आणि परत फिरलो.

नवा सायलेन्सर बसवून घेतला. तो इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत रुंद पाइपांचा होता, त्यानेच काढून दिलेल्या मापाचा. काम सुरेख झालं होतं. पण जुना पाइप अरुंद होता आणि तक्त्यातले सगळे आकडे त्या अरुंद पाइपाच्या हिशेबाने भरलेले होते. आता धूर मोकळा निघत होता, इंजिनात हवा जास्त जात होती आणि पेट्रोल मात्र तेवढंच. उभ्या गाडीचं इंजिन मध्येच दचकायचं. जोर लावला की मीटर सांगायचा, मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

पुढच्या रविवारी मी एकटाच कात्रजच्या घाटाकडे निघालो. लॅपटॉप शेजारच्या सीटवर बेल्टने बांधला. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि डोळे मीटरवर ठेवले. वर बघितलं तेव्हा दुधाचा टँकर समोर थांबलेला होता. ब्रेक लागला, गाडी थांबली, मध्ये हातभर अंतर उरलं. टँकरवाल्याला पत्ताही नव्हता. तो निघून गेला आणि मी रस्त्याच्या कडेला कितीतरी वेळ बसून राहिलो. मागून येऊन "काय झालं?" म्हणणारंही कुणी नव्हतं.

सगळे आकडे लॅपटॉपमध्ये साठतात, घरी येऊन वाचता येतात. पण मिश्रण पातळ होतंय हे त्याच क्षणी दिसलं पाहिजे आणि पाय त्याच क्षणी उचलला गेला पाहिजे. त्याला दोन माणसं लागतात. घरी येऊन फोनमधली नावं चाळली. ऑफिसातली पोरं रविवारी पहाटे कशाला येतील? सोसायटीत मला नावाने ओळखणारं कुणी नाही. 'ती आवाज करणारी गाडी' एवढीच माझी ओळख. फोन ठेवून दिला. पुढचे तीन-चार रविवार गाडी तशीच उभी राहिली.

मग एका संध्याकाळी वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही.

"भाऊजी, हे बाहेरगावी गेलेत असं तुम्ही त्या वेल्डिंगवाल्याला सांगितलंत?"

"हो."

"आज मंडईत भेटला. विचारत होता, साहेब कधी परतणार. तुम्हाला पत्ता माहीत असेल तर मलाही देऊन ठेवा."

"वहिनी, मला खरं सांगवलं नाही हो."

"मग मी सांगितलं त्याला. बिचारा भाजीची पिशवी खाली ठेवून तिथेच उभा राहिला." मग त्यांनी विचारलं, "गाडीचं काय झालं?"

मी सांगितलं. टँकरचंही सांगितलं.

"रविवारी किती वाजता निघायचं? मी चालवते."

"अहो, तुम्ही?"

"गाडी चालवायला ह्यांनी मला त्याच गाडीवर शिकवलंय. तुमचं ते यंत्र बसायच्या आधी."

वहिनी शाळेत गणित शिकवतात. रविवारी सहा वाजता मी त्यांच्या इमारतीखाली उभा होतो. त्या खाली आल्या, माझ्याकडून किल्ली घेतली, सीट पुढे ओढली, आरसे नीट केले. घाटाचा चढ सुरू झाला तेव्हा म्हणाल्या, "आता काय करायचं ते नीट सांगा."

"पाय हळूहळू पूर्ण दाबा. मी 'सोडा' म्हटलं की सोडायचा."

त्यांनी दाबला. गाडी ओढू लागली, सुपरचार्जरची शीळ चढली आणि मीटरचा काटा पातळीच्या बाहेर सरकला. "सोडा!" मी ओरडलो. त्यांचा पाय माझ्या शब्दाआधीच उठला असावा. त्याला इतकं पटकन कधी जमलं नव्हतं. तो नेहमी क्षणभर जास्त दाबून ठेवायचा.

कडेला थांबून मी तक्त्यातल्या चार घरांतले आकडे वाढवले.

"किती वाढवले?"

"चार टक्के."

"मग सगळ्याच घरांत चार टक्के टाकून मोकळे का होत नाही?"

"सगळीकडे हवा सारखी वाढलेली नाही. खालच्या वेगाला फरक थोडा आहे, वरच्या वेगाला जास्त."

"बरं. चला."

अशा नऊ खेपा झाल्या. चढून जायचं, वळून खाली यायचं, आकडे बदलायचे, पुन्हा चढायचं. सातव्या खेपेला खाली येताना त्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "चार महिने झाले. एक फोन नाही."

"जिन्यापर्यंत आलो होतो. दोनदा."

"मी रोज चढते तो जिना," त्या म्हणाल्या. "दूध आणायला जाते, शाळेत जाते, परत येते."

मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. पडद्यावरचे आकडे दिसत नव्हते, तरी बघत राहिलो. त्यांनी गाडी वळवली आणि विचारलं, "दाबू?"

नवव्या खेपेला काटा खालपासून वरपर्यंत जागचा हलला नाही. इंजिनाचा आवाज भरीव, एकसारखा आला. "झालं," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

घाटापलीकडे चहा घेताना त्यांनी सांगितलं, मुलगी बंगळूरला बोलावते आहे, शाळेचं हे वर्ष संपलं की जाणार. घर भाड्याने द्यायचं. "गाडी तुम्ही ठेवा. मी तिथे कुठे ठेवू?" मी हो म्हणालो. त्या दिवशी मला पहिल्यांदाच थंडी वाजली. ती सकाळ संपू नये असं वाटत होतं. आणखी दोन खेपा करून बघू, असं म्हणायचं मनात होतं. पण गाडीत काही बिघाड उरला नव्हता आणि त्यांना घरी स्वयंपाक होता.

वर्ष संपलं, त्या गेल्या. निरोपाला मी जिना चढलो. सामानाच्या खोक्यांमधून वाट काढत त्यांनी पोहे आणून दिले.

गाडी कागदोपत्री त्याच्या नावावर होती. बंगळूरहून वहिनींनी सह्या करून कागद पाठवले आणि मी रजा टाकून परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी मृत्यूचा दाखला बघितला, कागद उलटसुलट केले.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"मित्र."

"मित्र असा रकाना नाहीये इथे," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "खरेदीदार लिहा."

मी पेन घेतलं आणि लिहिलं. त्यांनी शिक्का मारून पावती दिली. बाहेर येऊन गाडीत बसलो. ती पहिल्याच प्रयत्नाला सुरू झाली. दुपार होती, सिंहगड रस्त्याला गर्दी होती, धायरीला पोहोचायला तासभर लागला.