पिंडातला केस

माझ्या घरात दोन मांजरं राहतात आणि ती एकमेकांच्या सोबतीने सुखात आहेत. मी तिसरा.

बायको, मंदा, गेल्यावर चौथ्या महिन्यात माझ्या मुलीने, मुक्ताने, पुण्याहून फोनवर जाहीर केलं की बाबांना सोबत हवी. नाशिकमधल्याच एका मांजरं दत्तक देणाऱ्या बाईंशी तिने परस्पर बोलणी केली होती. बाई गंगापूर रोडवरच्या आमच्या तीन खोल्या पाहायला आल्या. (माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा एवढ्या बारकाईने घर कोणी पाहिलं नव्हतं.) खिडक्यांच्या जाळ्या ओढून पाहिल्या आणि वही उघडून बसल्या.

"मांजर दिवसा एकटं राहणार का?"

"नाही. मी असतो. निवृत्त ग्रंथपाल आहे, बाहेर फारसा जात नाही."

"आणखी कोण असतं घरात?"

"कोणी नाही."

"मग एकटंच की हो. आम्ही जोडीनेच देतो. एकटं मांजर झुरतं, खाणं सोडतं."

माणसांच्या बाबतीत असा काही नियम आहे का, हे विचारायचं होतं. पण बाई घाईत होत्या.

अशी चिनी आणि बिस्किट आली. बिस्किट तांबूस, तोकड्या केसांचा बोका. चिनी पांढरी, बोटभर लांब केसांची. पंधरा दिवसांत घरातल्या प्रत्येक वस्तूला केस फुटले. सतरंजीला, टॉवेलला, चहावरच्या सायीला. शब्दकोश उघडावा तर दोन पानांत केस, कोणी खुणेला ठेवावा तसा. शेवटी मांजरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"बाहेरच्या मांजरांचे केस ऋतू बदलला की गळतात," ते म्हणाले. "ही घरातली. यांना ऋतू कळत नाही, म्हणून बारा महिने गळतात. रोज विंचरा."

रोज विंचरू लागलो. मंदाचे केस मी छत्तीस वर्षांत एकदाही विंचरले नव्हते. आजार सुरू झाला तेव्हा तिचा हात वर जाईना. "जरा विंचरून देता का?" तिने विचारलं होतं. मी म्हटलं, एवढं पान संपवतो. पुढे औषधांनी केसच गेले आणि तो विषय मिटला.

घरातल्या एकाच वस्तूवरचे केस मी झटकत नसे. मंदाच्या खुर्चीवरची राखाडी शाल. तिच्यावर पांढरे केस होते आणि ते मंदाचे होते. शाल तिच्या आजाराआधीची, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मीच दिलेली, याबद्दल माझी खात्री होती. मांजरांना त्या खुर्चीवर बसायची मनाई होती. (तसं त्यांना सांगितलं होतं.) अधूनमधून मी चष्मा लावून एकेक केस उचलायचो आणि पाकिटात ठेवायचो. इतके वेचूनही ते संपत नाहीत याचं नवल वाटायचं. संशय मात्र कधी आला नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मंदाची धाकटी बहीण सुलभा ओझरहून आली. दारातच तिने पदर नाकाला लावला.

"भाऊजी, हे घर आहे की पिंजाऱ्याचं दुकान?"

रबरी हातमोजे ओले करून तिने सोफा पुसायला घेतला. एका फटकाऱ्यात तिसरं मांजर होईल एवढे केस निघाले. मग ती खुर्चीकडे वळली आणि मी आडवा गेलो. (आडवं जायचं काम आमच्याकडे एरवी मांजरं करतात.)

"शालीला हात नको. तिच्यावर मंदाचे केस आहेत."

सुलभाने शालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाली आणि मोजे काढून स्वयंपाकघरात गेली. तिला पटलं, असं मी समजलो.

सकाळी पंचवटीतले गुरुजी आले. मांजरं झोपायच्या खोलीत कोंडली. मी सोवळं नेसून बसलो. त्याच्यावर इतके केस होते की ते लोकरीचं वाटत होतं. गुरुजी तीनदा शिंकले, पण मंत्र सोडला नाही. मग पिंड करायला घेतला आणि भातातून एक केस लांबत लांबत बाहेर आला. पांढरा.

"काका, हा चालणार नाही," गुरुजी म्हणाले. "मांजराचा केस आहे. भात दुसरा लावा."

मी तो उजेडात धरला. "मंदाचाही असू शकेल."

"कोणाचा?"

"जिचं श्राद्ध चाललंय तिचा."

गुरुजींनी भाताचं ताट बाजूला सरकवलं. "केस निघाला तर पिंड टाकायचा. पण केस त्यांचाच असेल तर... थांबा, अप्पांना विचारतो." त्यांनी खरंच वडिलांना फोन लावला. अप्पांना कमी ऐकू येत असावं, कारण गुरुजींना ओरडावं लागलं.

"अप्पा, ज्या बाई गेल्या ना, त्यांचा केस!"

"केस?" पलीकडून अप्पा म्हणाले. "पोलीस केस असेल तर तू आधी ऊठ तिथून."

"गुरुजी, फोन ठेवा," सुलभा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मी लावते दुसरा भात." मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही दिलेली शाल ताईला टोचायची. ती तिने केव्हाच कामाच्या मावशींना देऊन टाकली. ही मी आणली होती, दवाखान्यात. तेव्हा ताईच्या डोक्यावर एक केस नव्हता. थंडी वाजायची, म्हणून तर आणली."

"मीही होतोच की तिथे."

"होतात. वाचत होतात."

मी विचारलं, "काल का नाही सांगितलं?"

"काल तुमच्या तोंडाकडे बघवलं नाही. पण आज तुम्ही ताईला मांजराचा केस जेवायला वाढत होता."

दुसऱ्या भाताचा पिंड स्वच्छ झाला. गुरुजी जेवून गेले. दुपारी खोलीचं दार उघडलं तशी चिनी बाहेर आली, सरळ मंदाच्या खुर्चीवर चढली, शालीवर दोन गिरक्या घेतल्या आणि रोजच्या जागी बसावं तशी बसली. तिच्याखाली तिच्या मापाचा खळगा आधीच पडलेला होता.

सुलभा तिला उठवायला गेली.

"राहू दे," मी म्हटलं. "केस तिचेच आहेत. मीच उगाच हक्क सांगत होतो."