एका तासाचं हैदराबाद

नांदेड ते हैदराबाद हे अंतर विमानानं एका तासाचं आहे, हे मी आमच्या झरी गावात इतक्या जणांना सांगितलं की शेवटी माझासुद्धा त्यावर विश्वास बसला.

हैदराबादला धाकट्या बहिणीच्या, मंगलच्या पोराचं जावळ होतं. जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढायचं, अन् मामा म्हणजे मी एकटाच! अण्णा म्हणाले, आदल्या रात्रीच्या रेल्वेनं जाऊ. मी वडिलांना हसलो. सकाळी उडलो की न्याहारीला मंगलच्या घरी, असं ऐकवलं. अण्णांनी पिशवी उचलली अन् गुमान रेल्वेनं गेले.

सकाळी मी अन् माय निघालो. पण लेकीकडं रिकाम्या हातानं जात नसतात, आणि मंगल तर सगळ्या गल्लीची लेक. एकीनं तुरीची डाळ दिली, दुसरीनं पोतंभर ज्वारी, अन् शेवटच्या घरातून भलामोठा भोपळा आला (तो मी मांडीवर घेतला, तेवढाच मामापणाचा सराव). शिवाय प्रत्येक घरी चहा. नको म्हणलं तर राग!

विमानतळावर सामान काट्यावर चढलं अन् काउंटरवरच्या बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. वजन दुपटीच्या वर. काहीतरी इथंच सोडावं लागेल, असं त्या लय गोड बोलल्या. माय पोत्यावर ठाण मांडून बसली.

"लेकीचं माहेर काट्यावर मोजायलाय व्हय?"

मी एक शर्ट काढून दुसऱ्यावर चढवला, खिशात डाळ भरली. मायनं पदरात ज्वारी बांधली. तरी काटा हटेना. मग भोपळा कुणीतरी ठेवून घ्या हो, म्हणून मी अनोळखी लोकांना विनवत फिरलो, तेवढ्यात काउंटर बंद झाला. बाहेर पोत्यावर बसलो असताना आमचं विमान आमच्याच डोक्यावरून गेलं. मायनं त्याला मनोभावे हात जोडले.

मंगलला फोन केला. ती रडकुंडीला आली.

"दादा, दिवस मावळल्यावर केसाला कात्री लावत न्हाईत. कसं बी करून उजेडात ये."

मिळेल त्या बसमध्ये पोत्यांसकट घुसलो. तिकडं जावई घडीघडी गच्चीवर जाऊन सूर्य बघत होते म्हणे, अन् न्हावी चहावर चहा पीत होता.

सूर्य बोटभर शिल्लक असताना मी पोहोचलो. दोन शर्टांत घामाघूम, खिशातून डाळ सांडत पाटावर बसलो. भाचा मांडीवर आला, माझा अवतार बघून खुदकन हसला, अन् मला एकदम भरूनच आलं. पहिली बट पडली तशी मंगल भोपळा छातीशी धरून रडता रडता हसायला लागली.

आंघोळ-जेवण उरकून, दुपारची झोप काढून ताजेतवाने झालेले अण्णा तेवढ्यात जवळ आले.

"विमान लय थांबे घेतंय का रे?"

तेव्हापासून झरीत कुणालाही उशीर झाला की 'विमानानं आला वाटतं' म्हणतात. मी मनावर घेत नाही. पण परवा चरायला गेलेली आमची शेळी पार अंधार पडल्यावर घरी आली, तर माय दावं हातात घेऊन म्हणाली, "आली बघा, विमानानं!"

मी गुमान उठून शेळीला पाणी दाखवलं. असल्या प्रवासाचा शीण मलाच ठाऊक.