रिसोडच्या फळीवरची जपानी करवत

निघाले तेव्हा कोणीतरी आपल्याला फसवलंय एवढं मला पक्कं माहीत होतं. कोणी, ते शोधायचं होतं. डिसेंबरातले तीन दिवस, पाठीवर एक सॅक, सॅकमध्ये दात तुटलेली एक जपानी करवत, तिचं पुठ्ठ्याचं पाकीट आणि बिल. वाशिम जिल्ह्यात असल्या कारणासाठी फिरलेलं दुसरं कोणी मला तरी माहीत नाही.

आधी थोडं मागचं. माझे नामदेवमामा शिरपूर जैनला सुतार आहेत. देवघरं करतात, सागवानी, बारीक जाळीकामाची. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा खांदा आखडलाय. आपली करवत पुढे ढकलताना कापते, सगळा जोर खांद्यावर येतो. जपानी करवत उलटी, ती स्वतःकडे ओढताना कापते, आणि पातं इतकं पातळ की ताकद लागतच नाही. हे मी पुण्यात बसून व्हिडिओत पाहिलं आणि मामांच्या मागे लागले. ऑनलाइन मागवते म्हटलं तर ते म्हणाले, "नोको. देविदासभाऊ आनून देते."

देविदासभाऊंचं रिसोडला हार्डवेअरचं दुकान. मामांची त्यांच्याशी वीस-बावीस वर्षांची ऊठबस. बाजाराच्या दिवशी मामांचा अर्धा दिवस त्या दुकानातच जातो. भाऊंनी वर्षभरापूर्वी दुकानात एक फळी खास जपानी हत्यारांसाठी केली होती. करवती, पटाशा, धारेचे दगड, संत्रावाल्यांसाठी छाटणीच्या कात्र्या. रिसोडमध्ये असला माल ठेवणारे ते पहिलेच, आणि ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

त्या फळीवरून मामांची करवत आली आणि आठ दिवसांत तिचे दात गळाले.

मी सुट्टीत शिरपूरला गेले तेव्हा मामांनी ती दाखवली. पात्याच्या मधोमध बोटभर जागा बोडकी झालेली.

"जपानी म्हने," मामा म्हणाले. "नवी करवत आनली की जे करतो तेच केलं मी. दुसरं काई नाई."

मी विचारलं नाही की नवी करवत आणली की तुम्ही काय करता. ते वाक्य माझ्या कानावरून गेलं आणि मी पाकिटावरचा वाकडा चिकटवलेला किमतीचा स्टिकर बघत बसले. खरी कंपनी असा स्टिकर लावेल? माझा निकाल तिथेच लागला होता.

"डुप्लिकेट आहे मामा. मी जाते रिसोडला."

"जाऊ दे व पोरी. भाऊले नोको म्हनू काई. त्यालेबी कोनीतरी टोपी घातली असन."

मी ऐकलं नाही.

शिरपूरहून रिसोडला एसटी आहे, आणि एसटी चुकली तर जीप. एसटीने जा. बायकांना अर्धं तिकीट आणि खिडकी मिळाली तर दोन्ही बाजूंनी शेंगांनी वाकलेली तूर. रस्ता बराचसा चांगला, मधे काही ठिकाणी मान सांभाळायची. माझ्या शेजारी एक आजी मांडीवर कोंबडी घेऊन बसल्या होत्या. माझ्या सॅकमधून करवतीची मूठ बाहेर आलेली बघून म्हणाल्या, "कोनाले कापाले चालली व माय?" आख्खी बस हसली. मीही हसले. मजेत होते मी तेव्हा, खरं सांगते.

रिसोडला उतरल्यावर स्टँडजवळ कचोरी खाल्ली, वर तिखट रस्सा ओतून. फार छान. बाजाराकडे सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग होती. त्यातून वाट काढत दुकान गाठलं. काउंटरवर चार-पाच गिऱ्हाइकं. मी करवत काढली आणि सगळ्यांच्या मधे खिळ्यांच्या तराजूशेजारी ठेवली.

"भाऊ, हे काय आहे?"

देविदासभाऊ साठीतले, बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर. त्यांनी करवत उचलली, दातांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे काय केलं व याले?"

"आम्ही काय केलं? म्हणजे आता गिऱ्हाइकाचीच चूक?"

"तसं नाई म्हनत मी. इचारून राह्यलो."

"डुप्लिकेट माल द्यायचा आणि वर आम्हालाच विचारायचं?"

एक गिऱ्हाईक मागून म्हणालं, "भाऊ, आता अमेरिकेचा खराटाबी ठेवा ना दुकानात." बाकीचे हसले. अजून एक जण म्हणाला, "मीबी कात्री नेली ना याच्याचपासून," आणि हसता हसता थांबला.

"पोरी, बस. चाय घे," भाऊ म्हणाले. "नामदेवले फोन लावतो मी."

"चहा नको. हा माल तुम्हाला कोण देतं, त्यांचं नाव द्या."

त्यांनी बिलाच्या मागे वाशिमच्या डिस्ट्रिब्यूटरचा पत्ता लिहून दिला. अक्षर सुंदर. देताना एवढंच म्हणाले, "माल खरा हाय. मी पाहून आनला."

हा प्रसंग मी डोक्यात बऱ्याचदा पुन्हा लिहिलाय. प्रत्येक वेळी त्यांचा पहिला प्रश्न तसाच ठेवते आणि माझं उत्तर बदलते. "काहीच नाही हो भाऊ, मामांना विचारूया." एवढं पुरलं असतं.

रात्री वाशिमला आईबाबांकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्ट्रिब्यूटरकडे.

जपानी हत्यारं घेणाऱ्यांसाठी, मला जेवढं कळलं तेवढं: माल मुंबईचा आयातदार आणतो. तो प्रत्येक भागात एक डिस्ट्रिब्यूटर नेमतो. डिस्ट्रिब्यूटर गावोगावच्या दुकानांना देतो. बिलावर तिघांची साखळी जुळली तर माल बहुतेक खराच. नेटवर 'अधिकृत' म्हणवणारे दोन जण मला सापडले. एकाने फोन उचलला नाही, दुसऱ्याने उचलून "कौनसा जापान?" असं विचारलं. म्हणजे खरी साखळी भाऊंचीच होती. बिलाचा कागद माझ्या हातात होता. तो वाचून मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळलं असेल. मी मात्र उलटा विचार केला, की साखळी खरी आहे, म्हणजे मधेच माल बदलणारा शेवटच्या दुकानातला.

डिस्ट्रिब्यूटर शेठनी माझी पूर्ण हकिगत ऐकली. पाठीमागे छतापर्यंत खोकी, एसी चालू, टेबलावर काजू.

"आमच्याकडून गेला तं असली," ते म्हणाले. "पन लोकं डबल माल ठेवतात ताई. वरून असली, खालून नकली. तुमी लिहून द्या. मी मुंबईले पाठवतो."

मी लिहून दिलं. दोन पानं. अर्जासारखं कोरडं नाही लिहिलं मी. मामांचा खांदा लिहिला, जाळीकाम लिहिलं, त्या दुकानात विश्वासाने मारलेली एकेक फेरी लिहिली, आणि शेवटी दुकानाचं नाव, ठळक. शेठनी ते खालच्या माणसांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं.

"काय लिहिलं हो! पेपरात हायत काय तुमी?"

मला बरं वाटलं. चार वर्षं कथा लिहितेय, मासिकवाले पोचही देत नाहीत. इथे पाच माणसं गप्प बसून ऐकत होती.

शेठ म्हणाले, "जऊळक्याले एक जन हाय, खंडारे म्हनून. त्यायनंबी रिसोडातूनच घेतली. तेबी पाहून घ्या, दुसरा पुरावा होईन."

म्हणून जऊळका. वाशिमहून रेल्वेने जाता येतं, गाड्या मोजक्या आहेत, वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्या. स्टेशन छोटं, शांत, झाडांखाली बसावंसं वाटेल असं. खंडारेकाका रेल्वेच्या रुळांवर काम करून रिटायर झालेत. आता मधमाश्यांच्या पेट्या बनवतात, शेतकरी घेऊन जातात. घर विचारलं तर पोस्टाजवळ बसलेल्या बाईंनी सांगितलं, "माशावाले खंडारे ना? सरका सीधं."

काका अंगणात काम करत होते. हातात तीच करवत, तीच मूठ. ते ओढत होते, भुसा त्यांच्याच पायावर पडत होता, आणि आवाज कापड फाडल्यासारखा एकसलग. मी थोडा वेळ नुसती बघत राहिले.

"किती दिवस झाले घेऊन?"

"होईन वरीस. रिसोडच्या भाऊनं देल्ली. पातं एक डाव बदलवलं. चालवून पाह्य तू."

मी दोनदा ओढली. फळी कापली गेली. माझ्या हाताने! मग मी सॅकमधून मामांची करवत काढली.

काकांनी चष्मा लावला, पातं उन्हात तिरपं धरलं.

"कानस कोनं मारली याले?"

"कानस?"

"हे पाह्य. प्रत्येक दातावर कानशीची चमक हाय. आन वाकवाले गेले दात, मंग तुटले. हे लय कडक अस्ते व पोरी. याले कानस नाई चालत, पातंच बदलवा लागते." त्यांनी माझ्याकडून पाकीट मागितलं आणि किमतीच्या त्या वाकड्या स्टिकरखाली नख घालून तो सोलला. खाली छोटं चित्र होतं. एक कानस आणि तिच्यावर फुली.

दोन दिवस ते पाकीट मी पुरावा म्हणून सांभाळत होते.

स्टेशनवर येऊन मामांना फोन लावला. "मामा, नवी करवत आणली की तुम्ही काय करता?"

"काय म्हंजे? कानस मारतो. मंग दात वाकवतो, एक इकडं, एक तिकडं. कोरी करवत कोन वापरते व?"

आणि ते खरंच आहे. आपल्याकडे करवत दुकानातून बोथटच येते. सुतार तिला आधी स्वतःची धार लावतो, मगच लाकडाला लावतो. मामांच्या बाबांनीही तसंच केलं असणार. धार लावून आलेली करवत मामांनी जन्मात पाहिली नव्हती. मी पाहिली होती, व्हिडिओत, आणि सांगायचं सुचलं नाही.

लगेच शेठना फोन केला.

"अव ताई, सकाळीच मुंबईले पाठवलं. आन आमचा मानूस गेलाबी रिसोडले, माल उचलून आनाले."

"थांबवा त्यांना. चूक आमची होती."

"आता कसं थांबवता? वरून आलं तसं. तुमाले मागं घ्याचं असन तं लिहून द्या."

परत वाशिमला उतरून लिहून दिलं. चार ओळी. हा कागद कोणी मोठ्याने वाचला नाही.

रात्री शिरपूरला मामांकडे परतले. तिसऱ्या दिवशी पुन्हा रिसोड. मामांना म्हटलं चला, तर ते खाटेच्या कडेला बसले आणि उठलेच नाहीत. "कोनत्या तोंडानं जाऊ?" म्हणाले. मग एकटीच गेले. त्या दिवशी बस उशिरा आली, खिडकी मिळाली नाही, कचोरी खाल्ली नाही.

फळी रिकामी होती. भाऊंनी तिच्यावर अजून काही ठेवलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, कानस, स्टिकर, खंडारेकाका, मागे घेतलेला अर्ज. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"मी तेच इचारत होतो ना तुले त्या दिवशी," ते म्हणाले.

"हो भाऊ."

"नामदेव बरा हाय?"

"बरे आहेत. लाजलेत."

"त्याले म्हन लाजाचं काई नाई. त्याले काय मालूम." मग खिळे तराजूत टाकत म्हणाले, "माल काय, देतीनबी वापस, नाईतं नाई देतीन. पन तू चार मानसात म्हनलं पोरी. ते चार मानसं आता मी कुठं शोधू?"

मी म्हटलं, मी ब्लॉग लिहिते, बरेच लोक वाचतात, तुमच्या दुकानाचं नाव घालून सगळं खरं लिहीन.

"नोको. नाव नोको टाकू."

"पण भाऊ, चांगलंच लिहीन."

"पयलं नावच बरं होतं. कोनी लिहिलेलं नव्हतं."

मग मी पुण्याला परत आले. देविदास हे नावही त्यांचं खरं नाही, एवढं त्यांचं ऐकलं. माझ्या दुसऱ्या अर्जाला अजून उत्तर नाही. मामांनी नवीन पातं आणलं, वाशिमहून, कारण रिसोडला आता मिळत नाही. ओढून कापायची सवय त्यांना पंधरा दिवसांत झाली, खांदा कमी दुखतो, परवा एका देवघराची जाळी त्यांनी फोटो काढून पाठवली. इतकं बारीक काम त्यांच्याकडून मी आधी पाहिलं नव्हतं. पण हल्ली ते साधे स्क्रू आणायलाही वाशिमला जातात. भाऊंकडे गेलात का विचारलं की म्हणतात, "जाईन ना, येत्या बाजाराले जाईन." असे बरेच बाजार होऊन गेले.

सहल म्हणून विचाराल तर हा टापू जरूर फिरा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, दोन दिवस पुरतात, खर्च फारच कमी. जऊळक्याला खंडारेकाकांकडे मधही मिळतो.

आणि रिसोडला उतरलात, बाजारात उभे राहून जपानी हत्यारं कुठे मिळतात असं विचारलंत, तर कोणीतरी सांगेल की एका दुकानात मिळायची, पण ते डुप्लिकेट विकायचे म्हणून बंद झालं. मला त्या दुकानाचं नाव सांगायची परवानगी नाही. तुम्ही फक्त एक मिनिट थांबा आणि त्या माणसाला म्हणा, नाही, माल खरा होता.